न पाहिलेला माकूल

बाईंनी भर वर्गात स्वतःच्या पोटरीला जळू लावून घेतली, तेव्हाच मी शहाणं व्हायला पाहिजे होतं. पण मी नवीन होते. भंडाऱ्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागून मला महिनाही झाला नव्हता, आणि प्राणिशास्त्राच्या बाई काय चीज आहेत हे मला कोणीही सांगून ठेवलं नव्हतं. व्हरांड्यातून जाता जाता आत डोकावले तर बाई खुर्चीवर बसलेल्या, पातळ गुडघ्यापर्यंत ओढलेलं, पाय घमेल्यातल्या पाण्यात, आणि भोवती पोरं-पोरी वाकून वाकून बघताहेत. जळू आरामात फुगत चालली होती.

"चावली ते मला कळलं का? नाही कळलं. का नाही कळलं, ते विचारा," बाई सांगत होत्या.

मागून एक पोरगा म्हणाला, "मॅडम, रोवण्याच्या टायमाले आमाले रोजच लागते जी हे." रोवणा म्हणजे आमच्याकडची धानाची लावणी. चिखलात दिवसभर उभं राहायचं आणि जळवांना रक्त द्यायचं, हे त्यातल्या निम्म्या पोरांचं दरवर्षीचंच काम.

"मग इकडे ये समोर," बाई म्हणाल्या. "तुले जास्त माहीत आहे. तू सांग, मी ऐकतो."

बाई पवनीजवळच्या कोंढ्याच्या. शेतकऱ्याच्या घरच्या. वर्गात पुस्तकी मराठी बोलायच्या, पण राग आला की किंवा मनापासून आनंद झाला की झाडीतली, म्हणजे आमच्या भंडाऱ्याकडची बोली, जिच्यात बायाही 'मी ऐकतो'च म्हणतात, अशी उसळून यायची की प्राचार्यसुद्धा दचकायचे. बुटक्या, काळ्यासावळ्या, केसांचा घट्ट अंबाडा, आणि डोळे असे रोखलेले की समोरच्याला वाटावं, आपल्याला आता टाचण्या लावून पाटावर आडवं करणार. कॉलेजजवळच्या एका घरात दोन खोल्या घेऊन त्या राहायच्या. त्यातली एक पुढे माझ्या गळ्यात पडली. तिचं भाडं कमी होतं, आणि मी भोळी होते.

बाईंचा एकच नियम होता: जे पाहिलं नाही ते बोलायचं नाही. ऐकायला किती बरं वाटतं! सोबत राहून बघा म्हणजे कळेल. "दूध चांगलं आहे आज," असं गवळी म्हणाला की बाई म्हणायच्या, "म्हैस पाह्यली नाही मी तुझी." त्यावर तो बिचारा एकदा खरंच म्हैस घेऊन आला. शेजारची बाई सांगायला यायची, अमक्याची सून तमकी आहे, तर बाई विचारायच्या, "तू होतीस तिथं?" अशानं आमच्याकडे गप्पा मारायला कोणी फिरकेनासं झालं. माझी तर कुचंबणाच झाली. मला चहाडी ऐकायला मनापासून आवडते.

लग्न का नाही केलं, हेही मला त्यांच्याकडून कळलं नाही, त्यांच्या भावाकडून कळलं. तुमसर तालुक्यात नाकाडोंगरीकडे मॅंगनीजच्या खाणीवर कारकून असलेल्या एका मुलाचं स्थळ आलं होतं. मुलगा चांगला आहे, असं सगळे म्हणाले. बाई म्हणाल्या, तुम्ही म्हणता, मी पाहिलेलं नाही. आणि मुलाकडचे बघायला यायच्या आधी ह्या स्वतःच एसटीत बसून तिकडे गेल्या. खाणीच्या ऑफिससमोर झाडाखाली दिवसभर बसून राहिल्या. संध्याकाळी घरी येऊन आईला सांगितलं, "मजुरायसंग कसा बोलते तो पाहून आलो. नाही करत मी." संपला विषय. आईनं तोवर लेकीच्या लग्नाची भांडी भंडाऱ्याच्या कासाराकडून घेऊनसुद्धा ठेवली होती. पितळेचा भलामोठा गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, परात, घागरी. आई गेली तरी भांडी फडताळावर तशीच राहिली. भाऊ दर दिवाळीला ती चिंचेनं घासून लखलखीत करायचा आणि परत ठेवायचा.

आता माकुलाकडे येते. माकूल म्हणजे स्क्विड. समुद्रातला प्राणी, तोंडाभोवती हात, अंगात हाड नाही. आणि आमचा जिल्हा तळ्यांचा. तळ्यात मासे, बेडूक, शिंपले, गोगलगायी, सगळं मिळेल. समुद्राचा मात्र पत्ता नाही, आणि अभ्यासक्रमात माकूल.

बेडूक, झुरळ, गांडूळ हे बाईंनी पाहिलेले, नव्हे, वाटेल त्या अंगानं पाहिलेले. तारामासा, स्वतः शिकत असताना, सहलीत रत्नागिरीला पाहिलेला. देवमासा अभ्यासक्रमात नव्हता, नशीब कॉलेजचं. पण माकूल बाईंनी पाहिला होता तो मेलेला, कोळणीच्या टोपलीत. दुसरा होता आमच्या प्रयोगशाळेच्या बाटलीत, औषधात बुडवलेला, पांढराफटक, सुजलेला.

"हा माकूल नाही," बाई बाटलीकडे बोट दाखवून सांगायच्या. "हा मुडदा आहे. मुडद्यावरून जेवढं सांगता येतं तेवढं सांगते."

आणि ते सांगताना मात्र बाई रंगायच्या. मी माझा तास सोडून मागच्या बाकावर जाऊन बसायची. अंगात पाणी घेऊन ते नळीतून जोरात बाहेर फेकायचं आणि स्वतः मागच्या मागे सुटायचं, हे त्या वर्गभर उलट्या चालून दाखवायच्या. पाठीतून काढलेली काचेसारखी पारदर्शक पट्टी खिडकीत धरायच्या. "याच्या पूर्वजांना शंख होता. शंख टाकला आणि वेग घेतला. एवढीच आठवण ठेवली." तीन हृदयं. रक्त निळसर, कारण आपल्या रक्तात लोखंड असतं, त्याच्या रक्तात तांबं. आयुष्य पुरतं वर्षाचंही नाही. मादी अंडी घालते आणि मरते. पिल्लाला आई माहीत नाही, बाप माहीत नाही. पहिल्या मिनिटापासून स्वतःच पोहायचं, स्वतःच शिकार करायची, स्वतःच लपायचं.

मग यायचा रंग. कातडीत रंगाच्या बारीक पिशव्या असतात. स्नायूंनी ताणल्या की अंग तपकिरी, सोडल्या की काचेसारखं. पुस्तकात एक ओळ होती: पिल्लू अंड्याच्या आत असतानाच रंग बदलायला लागतं. कोणी न शिकवता. या ओळीवर आल्या की बाई खडू खाली ठेवायच्या.

"हे मी पाहिलेलं नाही. इथून पुढे मी शिकवणार नाही."

दरवर्षी हेच. आणि एका वर्षी, आणीबाणी उठली त्या सुमाराला, परीक्षेत नेमका रंगाचाच प्रश्न आला. आमच्या पोरांनी तो कोरा सोडला. एकानं तर लिहिलं की, 'हे आम्ही पाहिलेलं नाही.' तो भंडाऱ्याजवळच्या शहापूरचा, किराणा दुकानदाराचा मुलगा, थोडक्या गुणांनी नापास झाला आणि त्याचा बाप कॉलेजात आला. ओरडला नाही, रडकुंडीला आला होता. "मॅडम, दोन ओळी सांगून देल्या असत्या तं काय झालं असतं जी?"

बाई त्या दिवशी घरी येऊन जेवल्या नाहीत.

प्राचार्य भला माणूस होता, पण भलेपणालाही सीमा असतेच. त्यांनी बाईंना बोलावलं, आणि साक्षीला मला.

"बाई, पुस्तकातून शिकवा न जी. आपल्या इतिहासाच्या सरांनी काय पानिपत पाह्यलं हाये का?"

"पानिपत होऊन गेलं, सर. ते कोणालेच पाहता येत नाही," बाई म्हणाल्या. "माकूल आत्ता, या मिनिटाले, समुद्रात पोहून राहिला. मी पाह्यला नाही तं चूक माझी आहे. म्हणून का खोटं सांगू?"

"खोटं कुठं? पुस्तकात लिहून हाये!"

"मग पुस्तकच वाचू द्या पोरायले. मले कायले पगार देता?"

प्राचार्यांनी कपाळावर हात मारला. "हे पाहा, झालं ते जाऊ द्या. पण या वर्षात तुम्ही तो धडा पुरा केला नाही, तर पुढच्या सालापासून पेपर दुसऱ्याकडे. तुम्ही नुसती प्रॅक्टिकलची भांडी सांभाळा."

बाहेर आल्यावर बाईंचा चेहरा मला बघवेना. वर्ग हेच त्यांचं सगळं होतं. नवरा-मुलं नव्हती म्हणून नव्हे, ती असती तरी वर्गच असता. मी म्हटलं, "बाई, दोन ओळी तर आहेत. बोलून टाका." त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी दोन दिवस त्यांच्याशी हवापाण्यावरसुद्धा बोलले नाही.

दिवाळीच्या सुट्टीत बाई एकट्याच रत्नागिरीला निघाल्या. जिवंत माकूल पोरांना दाखवायला एवढ्या लांब आणणं शक्य नव्हतं. तो टाकीत धडका घेऊन मरतो. पण अंडी येतील. डोळे दिसायला लागलेली, उबवायला आलेली अंडी. समुद्राच्या पाण्यात, थंड ठेवून. आणि ती आणायची कशात, यावर भाऊ कोंढ्याहून गुंड घेऊन हजर झाला. तोच, लग्नाचा. चिंचेनं घासलेला, सोन्यासारखा, वर घट्ट झाकण बसवून घेतलेलं.

"बाई, मायनं तुह्यासाठी घेतला होता. पडून राहिला. याच्यात आण."

आमच्या गावात पितळेपेक्षा चांगलं भांडं कोणाला सुचणार? आम्हाला सगळ्यांनाच पटलं. मी स्वतः झाकणाला सुती कापड गुंडाळलं.

बाई परत आल्या त्या दिवशी प्रयोगशाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. भाऊ गुंडाशेजारी नवरदेवाच्या मामासारखा उभा. बाईंनी झाकण काढलं आणि वास आला. आत अंडी नव्हतीच, नासलेल्या दुधाच्या गाठींसारखं काहीतरी होतं. पोरांनी नाकाला रुमाल लावले नाहीत, हे त्यांचे उपकार. एक पोरगी फिदकन हसली आणि लगेच घाबरली. बाईंनी शांतपणे हात आत घातला आणि गुंडाच्या आतून बोट फिरवून बाहेर काढलं. बोट हिरवं झालेलं.

कळक. पाण्याच्या गुंडाला कोण कल्हई लावतं? खारं पाणी पितळेला लागलं, तांबं पाण्यात उतरलं, आणि अंडी मेली.

"ज्याच्या रक्तातच तांबं, ते तांब्यानं कसं मेलं जी?" भावानं विचारलं.

"रक्तात लागते तेवढंच असते," बाई म्हणाल्या. "पाण्यात आलं की जहर. हे मले माहीत होतं रे. हे मी मागल्या साली याच फळ्यावर लिहून देलं होतं."

भावाचं तोंड एवढंसं झालं. "गुंडानं मेले?"

दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, नाही रे, गाडीत उकडलं, उशीर झाला. मला वाटलं, निदान आज तरी. पण बाई त्या बाई. "हाव. गुंडानंच मेले," त्या म्हणाल्या, आणि मग त्याचा हात धरून, सगळ्या पोरांसमोर, "मायनं घेतलेला होता न. म्हणून मले तपासावासा नाही वाटला."

भाऊ गुंड घेऊन गेला. बाईंनी प्रयोगशाळा स्वतः धुतली. मी मदतीला गेले तर म्हणाल्या, "संक्रांतीनंतर जाऊ. थंडी असते. तुझ्या आईच्या लोणच्याच्या बरण्या माग."

"जाऊ म्हणजे?"

"तू पण."

मी पुष्कळ आदळआपट केली. आई म्हणाली, मासे ठेवणार माझ्या बरणीत? मी म्हटलं, मासे नाहीत, अंडी. तर ती आणखीनच खवळली. शेवटी चिनी मातीच्या बरण्या मिळाल्या, बदल्यात मला लग्नाची बोलणी ऐकून घ्यावी लागली. बाईंनी त्या बरण्या इतक्या वेळा धुतल्या की मोहरीचा वाससुद्धा राहिला नाही. रजा मंजूर झाली नव्हती. बाईंनी प्राचार्यांना सांगितलं, "मंजूर करा नाहीतर नका करू, मी शुक्रवारी नाही." माझं काय, हे कोणी विचारलंच नाही.

समुद्र मी पहिल्यांदाच पाहिला. तो पाहून काय वाटलं ते सांगायला इथं जागा नाही, कारण मला तो बघू दिलाच नाही. बाईंनी मला गुडघाभर पाण्यात उभं करून बरण्या धरायला लावलं. एका कोळ्यानं खाडीतून जाळ्याचा दोर ओढून आणला. त्याला पांढऱ्या, पारदर्शक बोटांचे झुबकेच्या झुबके चिकटलेले. त्या प्रत्येक बोटात चार-सहा अंडी, आणि प्रत्येक अंड्यात दोन काळे ठिपके. डोळे! आमच्याकडे बघताहेत असं वाटलं मला. मी म्हटलंसुद्धा तसं. बाई म्हणाल्या, "बघत असतील. डोळे चांगले असतात त्यांचे." त्यांनी त्यातला एकच झुबका दोरासकट कापून घेतला. बाकीचा दोर पाण्यात सोडायला लावला, आणि तो परत बुडेपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.

एसटीनं घाट चढून कोल्हापूर, तिथून रेल्वे. बरण्यांना ओलं पोतं गुंडाळलेलं, आणि पाण्यात हवा राहावी म्हणून सायकलचा पंप, त्याला प्रयोगशाळेतली रबरी नळी. थोडा वेळ या बरणीत हवा मारायची, थोडा वेळ त्या. माझ्या दंडांना गोळे आले. डब्यातली माणसं आधी हसली, मग सरकून बसली, मग विचारायला लागली. गोंदियाला माहेरी निघालेली एक बाई मांडीवर लेकरू घेऊन समोरच बसली होती. तिनं बराच वेळ बघून विचारलं, "काय हाये वं बरणीत?"

"अंडी आहेत. समुद्रातल्या प्राण्याची," मी म्हटलं.

"माय कुठं हाये त्यायची?"

"अंडी घातली की मरते ती," बाई म्हणाल्या.

"अवो माय!" ती म्हणाली. लेकरू तिनं शेजारच्या म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवलं आणि हात पुढे केला. "द्या इकडे तो पंप. तुमाले बरोबर नाही मारता येत."

त्यानंतर आम्हाला पंप फारसा मिळालाच नाही. नागपूरपर्यंत सगळा डबा आळीपाळीनं हवा मारत आला. तिकीट तपासणीसानंसुद्धा चार हात मारले, आणि बरण्यांचं तिकीट विचारायचं विसरला.

भंडारा रोड स्टेशनवर भाऊ आला होता. बरण्यांना हात लावायला घाबरत होता. बाईंनीच एक त्याच्या हातात दिली. "धर. तपासून घेतली आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या उजेडात, खिडकीखाली, पांढऱ्या कागदावर काचेचा पसरट वाडगा ठेवला. काही बोटं गढूळ झाली होती, ती बाईंनी चिमट्यानं बाजूला काढली. उरली ती स्वच्छ होती. शहापूरचा तो नापास झालेला मुलगा सगळ्यात पुढे. दारात प्राचार्य उभे होते, आत यावं की नाही अशा विचारात.

बाई वाकल्या. बघत राहिल्या. नाही दिसलं तर? ही बाई 'नाही दिसलं' असंच सांगेल आणि पेपर घालवून बसेल, हे मला पक्कं माहीत होतं. मी देवाला म्हटलं, अरे बाबा, एवढं कर.

आणि अंड्यात, नखाएवढ्या त्या जिवाच्या पाठीवर, टिंबं पसरली. काचेसारखं अंग तपकिरी झालं. मग पुन्हा काच. मग पुन्हा तपकिरी.

"अवो माय! पाह्य वं, पाह्य!" बाईंनी माझा दंड असा आवळला की वळ उठले. "रंग बदलून राहिलं! आतल्या आत बदलून राहिलं! कोणी सांगतलं वं याले? कोणी सांगतलं?"

डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. सगळी पोरं एकदम पुढे घुसली. बाईंनी एकेकाला मान धरून वाडग्यावर वाकवलं, कोणालाही वगळलं नाही. मग हात पदराला पुसले, फळ्याकडे गेल्या, आणि जिथं वर्षानुवर्षं खडू ठेवला होता त्या ओळीपासून शिकवायला सुरुवात केली. उजेड संपेपर्यंत शिकवलं. शिकवता शिकवताच दोन पिल्लं अंड्यातून बाहेर आली, वाडग्यात मागच्या मागे सुटली, आणि त्यातल्या एकानं घाबरून शाईचा एवढासा ढग सोडला. वर्गानं टाळ्या वाजवल्या.

पिल्लं त्यानंतर दोन दिवसांत गेली. जाणारच होती. त्यांना लागतं ते समुद्रातलं, बारीक आणि जिवंत. ते भंडाऱ्यात कुठून आणणार? बाईंना हे आधीच माहीत होतं, तरी त्या वाडग्यासमोर बसून राहिल्या. "मी आणलं, मीच मारलं," त्या म्हणाल्या. खोटी समजूत त्यांना चालली नसती, आणि खरी माझ्याकडे नव्हती.

तेवढ्यात प्राचार्य आले. खूश होते. खुर्ची ओढून बसले.

"झालं न बाई आता? तुम्ही पाह्यलं, पोरायनं पाह्यलं. धडा पुरा झाला. पेपर तुमचाच. आता पुढच्या सालापासून काही अडचण नाही."

बाई वाडगा धुवायला उठल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "पुढच्या सालची पोरं वेगळी राहतील, सर. त्यायनं कुठं पाह्यलं?"

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. आता हे ओरडतील, असं मला वाटलं, आणि खरं सांगते, ओरडले असते तर मला नवल वाटलं नसतं. पण ते खुर्ची सरकवून उठले.

"रजेचा अर्ज या वेळी आधी देऊन ठेवा," ते म्हणाले. आणि मग, पोरं ऐकत नाहीत ना हे बघून, जरा हळू आवाजात, "आणि माझंबी तिकीट काढा जी. रिटायर व्हायले आलो, मी अजून समुद्र नाही पाह्यला."